दुसऱ्याने दिलेली ओ

दुकानात संगणकाच्या पडद्यावर चाक फिरत होते आणि कोपऱ्यात माझा ठिपका हिरवागार होता.

मित्रांनो, मी एक जुनी हाक आहे. औरंगपुऱ्यातल्या या ऑनलाइन अर्ज भरण्याच्या दुकानासाठी मालक सुदर्शनने मला बारा वर्षांपूर्वी प्रोग्रॅमच्या चार ओळींत लिहिले. दर मिनिटाला मी दूरच्या एका यंत्राला विचारते, 'आहेस का?' ओ आली की ठिपका हिरवा, म्हणजे इंटरनेट चालू. नाही आली की लाल. माझ्यापाशी गुपित असे काही नव्हते, म्हणून त्याने मला पोस्टकार्डासारखे उघडेच, मोहर न लावता पाठवले. "ठिपका हिरवा हाय, काळजी नाय," हे त्याचे ब्रीदच झाले.

आज नर्सिंगच्या अर्जाचा शेवटचा दिवस. अदीबा तो भरायला आली होती. पाचला मुदत संपणार होती; साडेचार वाजले होते.

"गेला समज, अदीबा," सुदर्शन म्हणाला.

"पोचपावती कुठंय, दादा? चाक फिरायलंय अजून."

"ठिपका बघ की."

"ठिपका बघून कॉलेज घेईल का मला?" ती खुर्चीवरून हलली नाही. "माझी मैत्रीण मोनिका घरी झोपायची, वर्गात तिची हजेरी मी द्यायचे. सरांच्या वहीत ती हजरच. तुमच्या ठिपक्याचं तसंच तर नाय?"

सुदर्शनने भिंतीवरची वायफायची पेटी तपासली. इंटरनेटचा प्लॅन दुपारीच संपला होता. पेटीने माझी हाक वाटेतच अडवून 'प्लॅन संपला' एवढे पान परत धाडले होते. आणि कोणाच्याही उत्तराला ओ समजणारी मी हिरवी झाले होते.

मोहर नुसती गुपित झाकायला नसते, बोलणारा कोण हे ओळखायलाही लागते. बारा वर्षांत हे मला उमगले नव्हते.

अदीबाने संगणक स्वतःच्या मोबाइलला जोडला. पाचला सात मिनिटे असताना पोचपावती आली. तिने ती दोनदा वाचली. तोवर सुदर्शन खाली मान घालून माझ्या ओळी बदलू लागला होता. आता माझी हाक मोहरबंद जाईल. खरी मोहर जुळल्याशिवाय मी हिरवी होणार नाही, मग दिवसभर लाल राहावे लागले तरी बेहत्तर.

मित्रांनो, जुन्या हाकांना टाकून देऊ नका. त्यांना ओ कोण देते, एवढे मात्र अधूनमधून पाहत जा.

"अदीबा, राग आला का?" सुदर्शनने विचारले.

तिने पिशवी खांद्याला अडकवली आणि ती जिना उतरून गेली. ओ आली नाही. पण ते न बोलणे तिचे स्वतःचे होते; तिच्या वतीने दुसऱ्या कोणी ओ दिली नव्हती.