नखभर पुढे

मी पाणबुडी बोलतेय. हसू नका. लाकडाची आहे, बोटभर लांबीची आहे, जन्मात कधी पाण्याला शिवलेली नाही, तरी पाणबुडीच. एका सुतारानं मोडक्या खुर्चीच्या पायातून मला काढलं, करडा रंग फासला आणि म्हणाला, "जा, लढ!" फार विनोदी स्वभाव मेल्याचा.

लढाई तेव्हा खरीच चालू होती. किनाऱ्यावरच्या एका तळघरात मोठं टेबल होतं आणि त्यावर समुद्राचा नकाशा चिकटवलेला. नकाशावर आम्ही सगळे लाकडी: जहाजं, विमानं, पाणबुड्या. उलथन्याला लांब दांडी लावावी तसल्या काठीनं आम्हाला सरकवायचे. मी जिची खूण होते ती खरी पाणबुडी दूर समुद्रात होती, माणसांनी भरलेली.

मला सरकवायचं काम ताईकडे होतं. तिच्याहून वयानं मोठे असलेले चष्मेवाले साहेबसुद्धा तिला ताईच म्हणायचे. माझ्या पाणबुडीच्या इंजिनावर तिचा धाकटा भाऊ होता. एकुलता एक. घरी त्याची बायको दिवस भरत आलेली, आणि रोज ताई कामाला निघाली की ती दारात यायची म्हणे. "वन्सं, बाळाच्या आधी पोचतील ना हो?"

आता एक गोष्ट समजून घ्या. पाणबुडी एकदा पाण्याखाली गेली की चकार शब्द काढत नाही, कारण बोलली की शत्रूला कळतं. मग ती कुठे पोचली हे तळघरात कसं कळणार? अंदाजानं. वेग ठाऊक, दिशा ठाऊक, बाकी सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. तेवढ्यावर मला पुढे ढकलायचं. आणि माझ्याभोवती वीतभर अंतरात आपल्या विमानांनी बॉम्ब टाकायचा नाही, असा कडक नियम. त्या वितेच्या आत मी आणि माझी माणसं सुरक्षित.

पाणबुडी घराकडे वळली त्या दिवसापासून ताईच्या काठीला घाई झाली. हिशोबाप्रमाणे जेवढं सरकवायचं तेवढं सरकवायची, आणि मग हळूच आणखी नखभर. "चल गं बाई, पाय उचल," असं ओठातल्या ओठात म्हणायची. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? नखभर म्हणजे ते काय! पण ते रोजचं होतं.

एका दुपारी रेडिओवाल्यानं कानावरचं यंत्र बाजूला केलं आणि ओरडला, "साहेब, आपल्या विमानाला पाणबुडी दिसलीय! हवा घ्यायला वर आलीय. ढग आहेत, निशाण दिसत नाही. विचारतायत, आपली की त्यांची?"

साहेबांनी जागा सांगितली. "ताई, तिथे आपलं कोणी आहे का बघा."

ताईनं वाकून माझ्या शेपटाला अंगठा टेकवला आणि करंगळी समुद्राकडे ताणली. ती जागा करंगळीच्या पलीकडे होती. मी ओरडले असते हो! पण खुर्चीच्या पायाला कसलं तोंड?

"नाही साहेब. आपली वितेच्या बाहेर आहे, बरीच घराजवळ आलीय."

"मग टाका म्हणावं."

थोड्या वेळानं निरोप आला, पाण्यावर तेल पसरलंय. तळघरात टाळ्या पडल्या. चहा आला. ताईनंसुद्धा टाळ्या वाजवल्या. मग तिनं पदराला हात पुसले, काठी उचलली आणि मला पुढे ढकललं. नखभर जास्तच.

तशी ढकलत ढकलत तिनं मला बंदरात आणून लावलं. नकाशावर मी सुखरूप पोचले! ताई धक्क्यावर जाऊन उभी राहिली, दुसऱ्या दिवशीही गेली. समुद्रातून कोणी आलं नाही.

ती परत आली ती थेट टेबलाशी. मला उचलून मागे नेऊ लागली, एकेक दिवस, एकेक नख. शेवटी, त्या दुपारी मी हिशोबानं जिथे असायला हवी होते तिथे मला ठेवलं. तिथून विमानानं सांगितलेली जागा अंगठ्याइतकीही लांब नव्हती. तिचा हात तिथेच राहिला. साहेब मागे येऊन उभे होते.

"ताई, मला रोज दिसत होतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, बहिणीचा जीव आहे. नखभरानं काय होतंय?"

वर कळवलं गेलं, पाणबुडी बेपत्ता. दोघांनी तोंडाला कुलूप घातलं. घरी मुलगी झाली, आणि बाळंतिणीनं खाटेवरून विचारलं, "वन्सं, तुमच्या टेबलावर तर सगळं दिसतं ना? मग हे कुठे आहेत, सांगा की." ताई तिच्या उशाशी बसून बाळाची दुपटी घडी करत राहिली.

लढाई संपली, टेबल मोडलं. साहेबांनी मला ताईच्या मुठीत कोंबलं आणि मान खाली घालून निघून गेले. तेव्हापासून मी तिच्या खोलीतल्या फळीवर आहे. त्या घरात कोणी काही सरकवायचं नाही. खुर्ची, पाण्याचा तांब्या, चप्पल, काही म्हणजे काही नाही. जरा हललं की ताईचा जीव खालीवर होतो. दारावरची घंटा वाजली की पुटपुटते, "आपली की त्यांची?" भाचीला वाटतं, पाहुण्यांबद्दल विचारतेय. "आपलीच आहेत गं आत्या," म्हणून ती दार उघडते.

ती भाची म्हणजे खाटेवर जन्मलेली तीच पोर. तिची आई गेल्यावर आत्यानंच तिला वाढवलं. आता तिचेही केस पिकलेत, आणि ताई तर अंथरुणालाच खिळलीय. हल्ली रोज तिचा हात धरून म्हणते, "पोरी, तुझ्या बाबाला मी बुडवलं गं."

"काहीतरीच काय बोलतेस आत्या! शत्रूनं बुडवलं त्यांना. तू तर टेबलापाशी होतीस. चल, गोळी घे पाहू." आणि ती डोक्यावरून हात फिरवते, पांघरूण नीट करते. ताई भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मी फळीवरून हे सगळं बघत असते आणि आतून पोखरत जाते, वाळवी न लागता.

पोरी, माझं लाकडाचं मेलीचं कोण ऐकणार! तरी सांगते. उद्या ती म्हणाली ना, तर गोळी बाजूला ठेव. तिच्यासमोर बस आणि विचार, "कसं बुडवलंस?" ती सांगेल. सांगून झालं की तुझ्या डोळ्यांत आग येईल. येऊ दे. बोल तिला काय बोलायचं ते, ओरड, खोली डोक्यावर घे. सगळ्यांनी आजवर तिची समजूतच काढली. एवढ्या वर्षांत तिच्यावर कुणी रागावलंच नाही गं.