काचेआडचे तीस दिवस

मी विवाह नोंदणी कार्यालयाचा सूचनाफलक बोलतोय. दाराबाहेरच्या भिंतीवरचा. लोक माझ्यासमोर तासन्‌तास उभे राहतात आणि वाचतात मात्र मोबाइल. लाकडी चौकट, आत हिरवं कापड, पुढे सरकती काच आणि काचेला छोटं कुलूप, एवढाच माझा संसार. मला घडवणारा सुतार म्हणाला होता, "याचं काम सोपं आहे. याने नुसतं दाखवायचं." बावीस वर्षं मी तेच केलं, निदान मला तसं वाटत होतं.

लग्न करणाऱ्यांची नोटीस माझ्या काचेआड तीस दिवस लागायची, एकही दिवस खंड न पडता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. कोणी हरकत घेतली नाही, की दोघांनी नोंदणी करणाऱ्या साहेबांसमोर बसायचं, आपल्या तोंडाने एकमेकांची ओळख आणि संमती सांगायची आणि सही करायची. कितीतरी घाबरलेली जोडपी माझ्या काचेत बघून केस नीट करत आत गेली. मला फार गंमत वाटायची.

मग कायदा बदलला. दोन बायकांना, दोन पुरुषांनाही लग्न नोंदवता येऊ लागलं. त्या आठवड्यात साहेब चहा पिता पिता शिपायाला म्हणाले, "कायदा तिकडे झालाय. माझ्या टेबलावर अजून आलेला नाही." शिपाई हसला. साहेब हसले की हसावं लागतं.

पुढच्याच सोमवारी त्या दोघी आल्या. एक निवृत्त शिक्षिका, त्यांना सगळे बाई म्हणत. दुसऱ्या शिलाईकाम करणाऱ्या, गळ्यात अजून टेप लटकत असलेल्या. एकतीस वर्षं एका घरात राहिलेल्या. आतलं सगळं मला उघड्या दारातून ऐकू येत होतं. साहेबांनी विचारलं आणि बाईंनी आपलं नाव, शिलाईवाल्या ताईंचं नाव, जन्मतारीख, घराचा पत्ता सगळं घडाघडा सांगितलं.

ताई खालच्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, जरा लवकर होईल का? डॉक्टर म्हणालेत, हिची आठवण हळूहळू जाणार. आत्ता सगळं कळतंय तिला. तोवर व्हावं, अशी तिचीच इच्छा आहे."

"अहो, मी कुठे नाही म्हणतोय?" साहेब म्हणाले आणि त्यांनी दोघींसाठी पाणी मागवलं. त्यांनी कधीच कोणाला नाही म्हटलं नाही. तीच त्यांची पद्धत होती.

नोटीस लागली. बाईंनी ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "शेजारी शेजारी किती छान दिसतायत गं आपली नावं."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या सांगण्यावरून शिपायाने त्या नोटिशीवर पाणीपुरवठा बंद असल्याची सूचना टाचली. मला टाचण्या टोचल्या, पण ओरडणार कसा? तिसाव्या दिवशी साहेब स्वतः बाहेर आले आणि बोटाने वरचा कागद उचलून म्हणाले, "अरेरे, ही तर झाकली गेली. नियमात नाही बसत. परत तीस दिवस."

त्यानंतर ताई रोज येऊ लागल्या. समोरच्या बाकावर बाईंना शेजारी बसवून काजं-बटणं करत माझ्यावर पहारा द्यायच्या. चोविसाव्या दिवशी रंगारी आला. मला भिंतीवरून उतरवलं, घासलं, रंगवलं, दोन दिवस वाळत ठेवलं. आणि खोटं कशाला बोलू, मी खूश होतो! इतक्या वर्षांनी कोणी माझ्याकडे लक्ष दिलं होतं. साहेबांनी ताईंना "खंड पडला" असं सांगितलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या रंगाची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या खेपेला बाईंनी नोटीस वाचली आणि विचारलं, "कोणाचं लग्न आहे गं?"

"आपलं."

"अगं बाई! आणि मला कोणी सांगितलंच नाही!"

दोघी खूप हसल्या. मग ताई तोंड फिरवून बराच वेळ सुईत दोरा ओवत बसल्या.

या वेळी तीस दिवस पुरे झाले. दोघी आत गेल्या. साहेबांनी विचारलं, "बाई, तुमच्या शेजारी बसल्यात त्या कोण?"

बाईंनी ताईंकडे निरखून पाहिलं. "या ना? या रोज माझ्यासोबत असतात. फार चांगल्या आहेत हो."

"नाव काय त्यांचं?"

बाई ओशाळून हसल्या.

"तुम्ही स्वतःच्या मर्जीने लग्न करताय ना?"

"कोणाशी?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "माझा नाइलाज आहे, ताई. कायद्याला स्पष्ट संमती लागते."

"पहिल्या दिवशी हिने माझी जन्मतारीखसुद्धा सांगितली होती तुम्हाला," ताई म्हणाल्या. "तेव्हा तुम्हाला ऐकायचं नव्हतं."

साहेबांनी फाइल मिटली. त्या दिवशी त्यांनी एकही नियम मोडला नव्हता, आणि माझा जीव त्यानेच तुटला.

वर्षभराने साहेबांची बदली झाली. नव्या बाईसाहेब आल्या. त्यांच्या हाताखाली दोन तरुणांचं लग्न एकतिसाव्या दिवशी विनासायास लागलं. शिपायाला राहवलं नाही. त्याने बाईसाहेबांना सगळं सांगितलं, स्वतः टाचलेल्या कागदासकट. त्यांनी ताईंना बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "बाईंना घेऊन या. त्यांनी नुसतं हो म्हटलं तरी मी लिहून घेईन. झाला तो अन्याय झाला."

ताई दारातच, माझ्या शेजारी उभ्या होत्या. थकल्या होत्या फार.

"आता ती कशालाही हो म्हणते, मॅडम. जेवलीस का म्हटलं तरी हो, घराला आग लागली का म्हटलं तरी हो. तसला हो घेऊन मी काय करू? तिने खरोखरीचा हो म्हटला होता, तो तुमच्या ऑफिसने घेतला नाही."

त्यांनी नमस्कार केला आणि बाईंच्या औषधाची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

आता माझ्या जागी संगणकाचा चमकता पडदा लावलाय आणि मी मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांसोबत पडून आहे. लवकरच माझं सरपण होईल. तक्रार नाही. एकच मागणं आहे. तुमच्या टेबलावर कोणाचा कागद येऊन पडला असेल, तर तो आजच हातावेगळा करा. तुमच्यासाठी तीस दिवस म्हणजे कॅलेंडरचं एक पान असेल. समोरच्या माणसाकडे किती दिवस उरलेत, ते तुम्हाला ठाऊक नसतं. आमच्या साहेबांना तर ठाऊक होतं.