चाळीसच्या वेगाचा गचका

बाबांच्या उजव्या बुटाचा तळ डाव्यापेक्षा साधारण दोन मिलिमीटर जास्त झिजला होता, आणि तोही टाचेशी नाही, चवड्याशी. दाराशी काढून ठेवलेल्या बुटांकडे हल्ली माझं लक्ष जायचं. इतकी वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाचा उजवा बूट झिजणारच, असं मी स्वतःला समजवायचे.

ते पटत मात्र नव्हतं, कारण गाडी गचके खाऊ लागली होती. फक्त चाळीसच्या वेगात. त्याखाली नाही, त्यावरही नाही.

“गाडीला काही झालेलं नाही,” दादा मला जिन्यात गाठून म्हणाला. “बाबांचा पाय थरथरतो. जगभरची मापयंत्रं तपासतेस ना, मोजणीबाई? जरा घरातही बघ.”

त्याने स्वतःच्या मुलीला आजोबांच्या गाडीतून शाळेत पाठवणं बंद केलं होतं. पोरगी रोज विचारायची, आणि बाबा रोज ऐकू न आल्यासारखं करायचे.

बाबांचा संशय दादावर होता. “त्याला किल्ली हवी आहे माझ्याकडची. चांगली चालणारी गाडी अशी एकाएकी रुसते का? कुणीतरी हात लावलाय.” माझा संशय गॅरेजवाल्यावर. त्याने प्लग बदलले, कॉम्प्युटर जोडून पाहिला आणि दोष दिसत नाही म्हणून हात झटकले. आई कुणावर संशय घेत नव्हती. ती एवढंच विचारायची, “डॉक्टरांकडे कधी जायचं?”

“आधी गाडीचं निदान होऊ दे,” बाबांचं ठरलेलं उत्तर.

सुट्टीच्या दिवशी मी बॉनेट उघडलं. या जुन्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की एक तार ओढली जाते आणि इंजिनात हवा सोडणारी झडप उघडते. झडप किती उघडली हे सांगायला तिच्या कडेला काडेपेटीएवढा सेन्सर असतो. त्याने चुकीची खबर दिली, की इंजिन पेट्रोल चुकीचं घेतं. मी त्याच्या वायरीत टाचणी खुपसली, माझा डिजिटल मीटर जोडला आणि इंजिन बंद ठेवून बाबांना फक्त किल्ली फिरवायला सांगितली.

“दाबा बाबा. अगदी हळू.”

मीटरवरचे आकडे शहाण्या मुलांसारखे ओळीने चढत गेले.

“बघा,” फाटकाशी उभा असलेला दादा म्हणाला. “सेन्सर ठणठणीत आहे.”

“तुला फार घाई रे,” बाबा आतून गुरगुरले.

मला त्या शहाण्या आकड्यांचाच संशय आला. हा मीटर सेकंदात दोन-तीनदाच आकडा बदलतो. क्षणभराची चूक त्याच्या दोन आकड्यांमधून निसटू शकते.

“बाबा, तुमचा तो काट्याचा मीटर आहे अजून?”

“का? भंगारात काढा म्हणत होतात ना सगळे?” म्हणत ते लगबगीने आत गेले आणि मीटर घेऊन आले. लांब वायरी खिडकीतून घेऊन मी तो त्यांच्यासमोर डॅशबोर्डवर ठेवला.

काटा चढू लागला. थोडा चढला आणि एकदम खाली कोसळून परत वर आला.

“परत,” मी म्हणाले.

पुन्हा तिथेच कोसळला. बाबांनी पाय जाग्यावर ठेवला आणि दादाकडे मान वळवली. “आता बोल.”

मी सांगितलं, की सेन्सरच्या आत कार्बनचा पातळ पट्टा असतो, त्यावरून एक पत्ती सरकते. बाबा आयुष्यभर चाळीसनेच गाडी चालवत आले. पत्ती वर्षानुवर्षं त्याच जागी घासली, आणि पट्टा नेमका तिथे झिजला.

“म्हणजे शिस्त नडली,” बाबा खूष होऊन म्हणाले.

“चुकलं माझं,” दादा म्हणाला. नवा सेन्सर आणायला तोच गेला.

दुपारी तो बसवला. काटा अडखळल्याशिवाय वरपर्यंत गेला. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण बाबा म्हणाले, “आता चाळीसला पाय असतो तिथे धरतो,” आणि पाय तिथे स्थिर ठेवला.

काटा हलत होता. केसभरच, पण थांबत नव्हता.

मी टाचणी बदलली. जोड दाबून पाहिले. नव्या सेन्सरवर, दुकानदारावर, मीटरच्या जुन्या स्प्रिंगवर, जमेल त्या सगळ्यावर संशय घेतला. बाबा माझ्या हातांकडे बघत राहिले. मग खाली उतरले.

“तू बस इथे. दाब.”

मी दाबला. काटा छापल्यासारखा स्थिर. बाबा खिडकीत वाकून बघत होते.

“ऊठ.”

ते पुन्हा बसले, पाय ठेवला. काटा पुन्हा हलू लागला. दादाने तोंड उघडलं. मी मान हलवून त्याला गप्प केलं. हात पुसत आई पायरीवर येऊन उभी राहिली होती.

बाबांनी पाय काढून घेतला. किल्ली काढली, ती थोडा वेळ मुठीत ठेवली, आणि मग खिडकीतून दादाच्या हातात दिली.

“उद्या डॉक्टरांकडे जायचं,” ते आईला म्हणाले. “गाडी हा चालवेल.”