सातव्या विहिरीचं पाणी

कुलपांच्या जुन्या कारखान्याची जमीन मंगळवारी सकाळी अकरा वाजता शुद्ध झाली. शिक्का बसला, सह्या झाल्या, चहा झाला. पण हे घडलंच नाही असं समजून आपण महिनाभर मागे जाऊ. ताईच्या घरात तर ते आजही घडलेलं नाही.

महिन्यापूर्वी नमुनेवाला सातव्या विहिरीपाशी गुडघे टेकून बसला होता. विहीर म्हणजे पोहायची नव्हे. मनगटाएवढा पाइप, बारा मीटर खोल, वर झाकण. कारखान्यात चाळीस वर्षं कुलपांचे सुटे भाग एका द्रावणात धुतले जायचे आणि वापरलेलं द्रावण मागच्या खड्ड्यात ओतलं जायचं. ते मुरत मुरत खालच्या पाण्याला जाऊन मिळालं. पुढे कारखाना बंद पडला, मालक वारला, द्रावणाची तब्येत मात्र ठणठणीत राहिली. दर तीन महिन्यांनी नमुनेवाला नऊ विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवायचा. लागोपाठ चार वेळा सगळं स्वच्छ आलं, की जमीन शुद्ध. तीन वेळा आलं होतं.

आणि सातव्या विहिरीच्या कुंपणापलीकडे त्याची ताई राहायची.

ताईच्या घरात फरशीच्या फटींतून गोडसर वाफ यायची. वाफ जड, खालीच रेंगाळणारी. म्हणून सगळा संसार वर सरकला होता. पलंग विटांच्या चवडीवर, भाचीचा अभ्यास माळ्यावर, मांजर कायमचं कपाटावर. भावजी खुर्चीत पाय वर घेऊन जेवायचे.

"पोळी पडली तुमची," नमुनेवाला म्हणाला.

"पडली ती गेली," भावजी म्हणाले. "बुडत्या जहाजामागे उडी मारत नाही मी."

दुसरीकडे घर मिळणाऱ्यांच्या यादीत ताईचं नाव होतं. जमीन शुद्ध ठरली की यादी रद्द.

"या वेळी काय येईल रे?" ताईने विचारलं.

"स्वच्छ येईल."

"मग सकाळी माझं डोकं कशानं गरगरतं? तुझ्या बोलण्यानं?"

कशानं, ते त्याला ठाऊक होतं. आणि तरी नमुना स्वच्छ का येतो, तेही. सातव्या विहिरीच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत होता. जमिनीखालचं पाणी काही क्लोरीन लावून, नटूनथटून येत नाही. शेजारची नळाची मोठी वाहिनी फुटली होती आणि पिण्याचं पाणी झिरपून विहिरीत उतरत होतं. गेले नऊ महिने तो नळाचं पाणी बर्फात ठेवून मोठ्या इतमामाने तपासायला पाठवत होता.

तो पाणीखात्यात गेला. तिथल्या कारकुनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दुरुस्त करू की. पण दूषित जमिनीत खोदायला परवानगी लागते."

"कुणाची?"

"तुमच्याच कार्यालयाची."

"ते म्हणतात, जमीन शुद्ध झाल्याशिवाय खोदू देणार नाही."

"मग होऊ द्या शुद्ध."

"अहो, पाइप गळतोय म्हणून तर ती शुद्ध दिसतेय!"

"बघा," कारकून कौतुकाने म्हणाला, "म्हणजे आमचा पाइप तुमच्याच कामाला आला."

नमुनेवाल्याने मग स्वतःच डोकं चालवलं, आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. नियमाप्रमाणे बाटली भरण्याआधी पाइपात साचलेलं पाणी तीन वेळा उपसून टाकायचं असतं. चौथ्या फेरीच्या नमुन्याला त्याने ते पन्नास वेळा उपसलं. सकाळपासून दुपारपर्यंत पंप चालला, दोन बॅटऱ्या गेल्या, पिंपं भरली. आधी क्लोरीनचा वास विरळ झाला, मग गेला, आणि शेवटी तो ओळखीचा गोडसर वास वर आला. इतक्या आनंदाने कुणी विष हुंगलं नसेल. त्याने बाटली भरली, झाकण घट्ट लावलं आणि तक्त्यात प्रामाणिकपणे लिहिलं: उपसा, पन्नास वेळा.

प्रयोगशाळेने बाटली न उघडताच परत पाठवली. तीनच्या जागी पन्नास, नमुना अग्राह्य.

"अरे शहाण्या, तीन लिहायचंस ना!" कार्यालयातले साहेब कळवळून म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

"खोटं लिहू?"

"खरं लिहून काय दिवे लावलेस?"

"साहेब, वास तरी घेऊन बघा. एकदाच."

साहेबांनी बाटली हुंगली. तिचं झाकण परत घट्ट लावलं. मग म्हणाले, "वासाला तक्त्यात रकाना नाही रे."

फेरनमुना साहेबांनी स्वतः घेतला. नियमाप्रमाणे तीन उपसे, एक कमी नाही, एक जास्त नाही. पाणी इतकं स्वच्छ आलं की प्यावंसं वाटावं. मग तो मंगळवार आलाच.

यादी रद्द झाल्याचं पत्र नमुनेवाल्याने स्वतःच ताईला नेऊन दिलं. तिने ते पलंगावर उभं राहून वाचलं.

"म्हणजे आता आम्ही बरं व्हायचं का?"

त्याने पत्रावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

"तारीख आहे का यात? कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"आज गुरुवार," ताई म्हणाली. "दोन दिवस उशीरच झाला म्हणायचा." आणि माळ्यावर भाचीला पुन्हा मळमळून आलं म्हणून ती फरशी टाळत, खुर्च्यांवरून, तसबिरी धरत, भिंतीला लागून, तिकडे गेली.

नमुनेवाल्याने दुसऱ्या दिवशी कार्यालयात अर्ज दिला. त्याला आवक क्रमांकही मिळाला.

"विषय: आदेशाची प्रत बजावणेबाबत.

महोदय, सदर जमीन शुद्ध असल्याचा आदेश सर्व संबंधितांस मिळाला आहे. तथापि जमिनीखालील द्रावणास तो अद्याप प्राप्त झाल्याचे दिसत नाही. ते नेहमीप्रमाणे कामावर हजर आहे. तरी आदेशाची एक प्रत बारा मीटर खोलीवर त्यास समक्ष बजावून त्याची पोच घ्यावी व सात दिवसांत जागा खाली करण्याची समज द्यावी. ते शक्य नसल्यास, अर्जदाराच्या बहिणीच्या कुटुंबास शुद्ध जमिनीवर आजारी राहण्याची लेखी परवानगी मिळावी, ही विनंती."