पाच जणांचं कार्ड

आमच्या घरात माणसं सहा आणि सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड पाच जणांचं. त्या दिवशी येडगावच्या शाळेत फोटो आणि अंगठे घेत होते. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नावं सांगितली: स्वतःचं, आईचं, थोरल्या सुदर्शनचं, माझं आणि धाकट्या आदेशचं. राहिली ठकूबाई आत्या. पित्ताचे खडे नेमके तिला, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलं.

"मला कशाला? पोरांचं बघा," ती भिंतीला टेकून म्हणाली.

मी नुकतीच वक्तृत्वात तालुक्यात पहिली आले होते, त्यामुळे कुणालाही काहीही विचारायचे. मशीनवाल्या बाईंना म्हटलं, "पाचच का हो?"

"विमा कंपनीला सरकार घरामागं हप्ता देतं, माणसामागं नाय. दिल्लीनं अन् राज्यानं मिळून पाच माणसांपुरताच धरलाय. मग घरात दोन असू देत नायतर दहा."

"आणि पाच कोण, ते?"

"नवरा-बायको ठेवा, बाकी तीन तुमी ठरवा. कार्ड वर्षाचं. पुढल्या साली नाव बदलता येतं."

"मग सुदर्शनचं नाव काढून आत्याचं घाला."

"का गं, मी मेलो का?" सुदर्शन म्हणाला.

"तूच तालमीत सांगत फिरतोस ना, ताप कसा असतो ठाऊक नाय म्हणून?"

"कमावतं पोरगं हाय ते," दादा म्हणाले.

"दादा, कालव्याला पाणी सुटलं की तुमी आधी कुठं देता? हिरव्यागार उसाला का माना टाकलेल्या कांद्याला?"

रांगेतले सावळेराम काका दादांकडे बघून हसले, "सोपानभाऊ, पोरीला वकील करा राव."

सुदर्शननं आत्याला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. "बस. पुढल्या साली बारी माझी."

परतताना आई हळूच म्हणाली, "स्वतःचंच नाव काढा म्हणली असतीस ना, तर कुणी इतकं बोललंच नसतं."

नारायणगावला आत्याचं ऑपरेशन नीट झालं. मी जिंकले असंच मला वाटत होतं. पण सुदर्शन मोटरसायकलवर निघाला की आत्या तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहायची, आणि तिच्या शेजारी मीही. त्या वर्षी जेवताना त्याला साधी शिंक आली, तरी आम्हा कार्डावरच्या पाचही जणांचे घास हातात थांबायचे.