वीतभर भिंग, चाळीस फुटी मासा

वहिनी पाण्यात उतरली की मासे केस विंचरून तयार बसतात, असं बोटवाला सांगायचा. माशांना केस नसतात हे कुणी दाखवून दिलं, तर म्हणायचा, "म्हणूनच तर इतका वेळ लागतो." त्याचं सगळंच खरं मानू नये. पण वहिनी एकतीस वर्षं समुद्राच्या पोटात शिरून फोटो काढत होती, आणि पाठीवरच्या टाकीतली हवा अशी पुरवून वापरायची, की बरोबरचे वर येऊन, जेवून पेंगायला लागले तरी हिचे बुडबुडे आपले चालूच.

यंदा काम मोठं होतं. मत्स्यालयाच्या नव्या दालनात चाळीस फुटांची भिंत रिकामी होती आणि वहिनीने संचालिकाबाईंना शब्द दिला होता: व्हेल शार्क, जेवढा मासा तेवढाच फोटो. उद्घाटन नऊ दिवसांवर आलं होतं. फोटो मिळाला नाही तर भिंत तिचा दीर रंगवणार होता. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि निळ्या रंगाचे डबे त्याने दालनात आणूनही ठेवले होते.

"वहिनी, तुमचा मासा लाजतोय. माझा बघा, बोलावलं की भिंतीवर हजर."

"भावोजी, तुमच्या मागच्या घोड्याला लोक अजून बकरी समजतात."

बोट दुरुस्तीला जाणार होती, त्याआधीची ही शेवटची फेरी. गेला आठवडाभर वहिनी अख्खा मासा मावेल असं रुंद भिंग लावून हिंडली होती आणि एक शेपूटही दिसलं नव्हतं. म्हणून त्या सकाळी वैतागून तिने बारीक जिवांचं भिंग लावलं. नखाएवढी समुद्री गोगलगाय पानभर दिसावी, असलं. आणि कॅमेरा एकदा पाणबंद डब्यात बसला की वर येईपर्यंत भिंग बदलता येत नाही.

खाली खडकाला नाक लावून गोगलगाय टिपत असताना अंधारून आलं. ढग आला असेल म्हणून वर बघते, तर ढगाला शेपूट.

मासा पाण्यात सरळ उभा होता, तोंड वर करून, बारीक कोळंबीचे थवेच्या थवे गिळत. वहिनीने स्वतःला अशी एक शिवी घातली की भोपळ्याएवढा बुडबुडा वर गेला. वर जाऊन भिंग बदलावं, तर तोवर जेवण आटोपून मासा निघणार. भिंगात मावत होती जेमतेम वीतभर कातडी.

तेव्हा तिला दिराची पद्धत आठवली. तो कागदावरचं चित्र चौकोन पाडून भिंतीवर चढवतो. ठीक आहे, वहिनीने ठरवलं, आपण मासाच चौकोनांत उतरवू.

तोंडापासून सुरुवात केली. एक ओळ डावीकडून उजवीकडे, वीतभर खाली, दुसरी ओळ उलटी; भिंतीला चुना देतात तशी. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतले कातडीवरचे दोन-चार पांढरे ठिपके आलेच पाहिजेत, म्हणजे जोडताना गोंधळ नको. फ्लॅश डोळ्याजवळ आला तसा माशाने डोळा आत ओढून घेतला. वहिनी थांबली. त्याने डोळा बाहेर काढला, मग फोटो. पोट भरल्यावरही मासा अर्धा तास निव्वळ भिडेखातर उभा होता, हे बोटवाला आजही शपथेवर सांगतो.

वर आल्यावर त्याने विचारलं, "किती फोटो?"

"मोजायला तू बस."

"आणि मासे?"

"एकच."

दालनाच्या फरशीवर वहिनीने छापलेले सहाशे बारा चौकोन पसरले. दीर मजा बघायला आला, दारात उभं राहून हसला, आणि तिसऱ्या ओळीपाशी त्याचं हसू अडकलं. वाकडी ओळ त्याला बघवत नाही.

"हा ठिपका वरच्या ओळीतला आहे. सरका जरा."

"तुम्ही तर रंगवायला आला होतात."

"डबे कुठे पळून जातात?" असं म्हणत तो गुडघ्यांवर बसला, तो पाच दिवस तसाच. ठिपक्याला ठिपका जुळवत त्याने उभा मासा भिंतीवर आडवा केला, आणि सांधा असा मारला की नखालाही लागू नये.

संचालिकाबाई आल्या. आधी लांबून पाहिलं. मग भिंतीला जवळजवळ नाक लावून तोंडापासून शेपटीपर्यंत चालत गेल्या. वहिनी हाताची घडी घालून उभी होती. दिराने मात्र श्वास धरला होता.

"मला वाटलं होतं, एवढा मोठा केला की फोटो फुटणार," बाई शेपटीशी वळून म्हणाल्या. "इथे तर खरचटल्याच्या रेघासुद्धा मोजता येतात. रुंद भिंगाने हे जमलं असतं?"

"छे," वहिनी म्हणाली, जणू सगळं आधीपासूनच ठरलं होतं.

"मग भिंत तुमची."

"समोरचीही मोकळी करून ठेवा. ही डावी कूस झाली. पोट भरल्यावर वळून त्याने उजवी दाखवली, तिचे सहाशे घरी आहेत."

दीर गुडघे चोळत बघत राहिला. "हे आधी सांगितलं असतंत तर?"

"तर तुम्ही खाली बसलाच नसता, भावोजी."