सार्थकचा रफार

भोरच्या बाजारपेठेत मतीन मुलाणीचं औषधांचं दुकान आहे. दुकान खाली, घर वर आणि मतीनचा जीव त्याच्याही वर, पोटमाळ्यावर. तिथं जुने कॉम्प्युटर मांडीला मांडी लावून बसलेले. कुणी बंद पडलेल्या क्लासातून आलेला, कुणी किकवीच्या एका गोदामातून. लोक म्हातारी गुरं पांजरपोळात धाडतात, तसे तालुक्यातले लोक आपले कॉम्प्युटर मतीनकडं धाडायचे, आणि तोही कुणाला नाही म्हणायचा नाही.

दुकानात गिऱ्हाईक नसलं, की मतीन मोबाईलवर इंटरनेटच्या आडगल्ल्या पालथ्या घालायचा. अशाच एका गल्लीत त्याला परदेशातल्या कुणा निवृत्त मास्तरांचं एक करड्या रंगाचं पान सापडलं. वर्षानुवर्षं त्याला कुणी हात लावलेला दिसत नव्हता. त्यावर एक चिमुकला प्रोग्रॅम होता. आपण अक्षर टाइप करायचं आणि जुना प्रिंटर ते आडवं, हातभर मोठं, फुल्याफुल्यांनी छापून काढणार. मतीन हरखलाच. पण मास्तरांची अक्षरं सगळी इंग्रजी. मग मतीननं गल्ल्यावर बसून चौकटींच्या कागदावर मराठी अक्षरं रचायला घेतली. एकेक चौकट काळी करायची आणि लांबून बघायचं.

"ह्यानं कुणाचा ताप उतरतो का?" मासूमा, त्याची बायको, विचारायची.

"माझा उतरतो," मतीन म्हणायचा.

पूर्वी दुकानाची बिलं ज्यावर निघत, तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटर माळ्यावर होताच. दोन्ही कडांना भोकं असलेल्या सलग कागदाचं खोकंही होतं. फक्त रिबन वाळून गेली होती. इंटरनेटवरच्या एका सल्ल्याबरहुकूम मतीननं तिला शिक्क्याची शाई पाजली. त्याची बोटं इतकी निळी झाली, की गिऱ्हाइकं विचारायची, "आज मतदान कशाचं?"

मे महिन्यातल्या एका सकाळी हिर्डोशीचा ज्ञानू दुकानात आला. ज्ञानू आणि मतीन शाळेत एका बाकावरचे. ज्ञानूच्या मागं मान खाली घालून त्याचा मुलगा कुमार. दुसऱ्या दिवशी ज्ञानूच्या शिवानीचं लग्न होतं, वेल्ह्याच्या सार्थकशी.

"डोकेदुखीची गोळी दे," ज्ञानू म्हणाला.

"लग्नघरात डोकं दुखायचंच."

"ह्ये बघ, मंग तुजंबी दुखंल." ज्ञानूनं काखेतला फ्लेक्स काउंटरवर उलगडला. गणपती, गुलाब आणि सोनेरी अक्षरांत: 'शुभविवाह. शिवानी आणि कुमार.'

मतीननं एकदा फ्लेक्सकडं बघितलं, एकदा कुमारकडं. "कुमार म्हणजे... हा?"

"ह्योच! नवरीचा सख्खा भाऊ! मजकूर मोबाईलवर धाडला आन खाली सोताचं नाव टाकलं शाण्यानं. फ्लेक्सवाल्याला वाटलं, ह्योच नवरदेव."

"सार्थकचं नाव टाकायचंच ऱ्हायलं, चाचा," कुमार पुटपुटला.

"आयनं सांगितलंय, ह्ये दारात लावलं तर म्या मांडवात पाय ठिवनार न्हाई." ज्ञानूची आई चंद्राबाई एकदा बोलली की बोलली, हे मतीनला लहानपणापासून ठाऊक. "आन आता फ्लेक्सवाल्याचं मशीन बंद. लगीनसराई हाय, बाकी समदे परवाचा वायदा करत्यात."

मतीनचे डोळे असे चमकले, की ज्ञानू दोन पावलं मागं सरकला. "गोळी राहू दे," मतीन म्हणाला. "वर चला."

माळ्यावर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उजळली. 'शिवानी'ची अक्षरं तयारच होती. पण 'सार्थक'पाशी गाडी अडली. मतीननं रफार कधी रचलाच नव्हता. त्यानं घाईघाईनं एक रचला, छापला. कुमारनं वाचलं, "साथक. वर इळा."

दुसरा छापला. ज्ञानू म्हणाला, "आता इंचू बसलाय."

मतीन घामाघूम झाला. इतके दिवस त्यानं हौसेनं चौकटी भरल्या होत्या, आणि आज खरोखर कुणाला गरज पडली तर हाताला वळण सापडेना. तेवढ्यात मासूमा चहा घेऊन वर आली. तिनं छापलेला कागद उचलून लांब धरला.

"अहो, एवढा जाडजूड कशाला? रफार म्हणजे काय गाठोडं आहे? भरतकामात वळण घेताना आम्ही एक टाका पुढं आणि एक खाली घेतो. हळूहळू." तिनं पेन्सिल घेतली आणि उशीच्या अभ्र्यावर वेल काढावी तशा चौकटी भरल्या. मतीननं त्याबरहुकूम फुल्या टाइप केल्या.

प्रिंटर चर्रर्र चर्रर्र करत बोलू लागला. कागद टेबलावरून घरंगळला, जिन्याच्या पायऱ्या उतरायला लागला. कुमार धावत खाली गेला आणि त्यानं टोक झेललं.

"सार्थक!" तो खालून ओरडला. "चाचा, सार्थकच हाय!"

मतीन बायकोकडं बघतच राहिला. "तू हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

ज्ञानूनं गुंडाळी छातीशी धरली, पण कपाळावर आठी होतीच. "रंग न्हाई रं ह्याला. लग्नाचं हाय."

"तेवढं चंद्राकाकूंवर सोडा," मासूमा म्हणाली आणि तिनं ज्ञानूला काहीतरी समजावून सांगितलं. मतीननं विचारलं, तरी तिनं दाद दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मतीन आणि मासूमा हिर्डोशीला पोचले, तर मांडवाच्या दारावर ती लांबलचक पट्टी डुलत होती. फुल्याफुल्यांवर बायकांनी बोटानं हळद आणि कुंकू फिरवलं होतं. शिवानी पिवळीधमक, सार्थक लालभडक. चंद्राबाई खाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. येईल त्याला सांगत होत्या, "त्यो शिवानीचा 'शि' म्या रंगिवलाय."

वऱ्हाड आलं. नवरदेव दारात थबकला. करवली पुढं ढकलतेय, भटजी घाई करतायत, आणि सार्थक मुंडावळ्या बाजूला करून कागदाच्या कडेची भोकं चाचपतोय.

"डॉट मॅट्रिक्स! कुणी केलं हे?"

ज्ञानूनं मतीनला पुढं ओढलं. मतीननं मासूमाला.

"आमच्या मानसिंगमामांच्या गोठ्यात असाच एक जुना कॉम्प्युटर पडलाय," सार्थक म्हणाला. "कधी येता?"

"अहो, आधी लग्न करा!" मासूमा म्हणाली, आणि मांडवात हशा पिकला.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या. निरोपाच्या वेळी शिवानी मासूमाच्या गळ्यात पडून रडली आणि रडतारडताच म्हणाली, "चाची, वेल्ह्याला याच."

परतीच्या वाटेवर मतीन घसा खाकरत गाडी चालवत होता. गोठ्याचा विषय कसा काढावा, ह्याची जुळवाजुळव करत असावा.

"रविवारी जाऊ," मासूमाच म्हणाली. "पण बघा, चालू झालाच, तर तो माझा."